एकोणपन्नास किलोंची नाकाटो

दत्तूनं गाडीचं दार ओढलं तशी आतली हवा भट्टीसारखी तोंडावर आली. आत दोघी होत्या, एकमेकींवर कलंडलेल्या. एकीच्या अंगात काळा प्लास्टिकचा कोट होता, गळ्यापर्यंत चेन लावलेला. दुसरी गार्डच्या युनिफॉर्ममध्ये होती, टायसुद्धा सैल केलेला नव्हता. जी आधी हाताशी आली तिला दत्तूनं काखेत धरून बाहेर ओढलं आणि माझ्यावर ओरडला, "काकू, नुसत्या बघत काय उभ्या राहिलात, पाणी आणा."

मी झाडांना घालायचा पाइप ओढत आणला. मे महिना, भर दुपार. पाइप उन्हात पडलेला, त्यामुळे पहिलं पाणी चहाच्या आधणासारखं आलं. ते वाळूत सोडलं आणि जरा निवल्यावर दोघींच्या डोक्यांवर धरलं. नाकाटो म्हणून हाक मारली. बबिर्ये म्हणून हाक मारली. कुणीच डोळे उघडले नाहीत. गेटवरचा नेपाळी गार्ड फोनवर पत्ता सांगत होता आणि मधेमधे "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता.

अँब्युलन्सवाल्यांनी त्यांच्या काखेत आणि मानेखाली बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. मग एकानं दत्तूला विचारलं, यातली कोण कोणती? दत्तूला सांगता येईना. त्या जुळ्या होत्या, आणि भिजल्यावर तर घाबरलेल्या दत्तूला दोन्ही तोंडं एकच दिसत होती. मी म्हटलं, प्लास्टिकवाली नाकाटो, टायवाली बबिर्ये. त्यानं दोघींच्या मनगटांना चिकटपट्टी लावून त्यावर नावं लिहिली. मग दारं लागली आणि गाडी गेली.

ही नाकाटो इथं कतारमध्ये, दोह्यातल्या अल दुहैलला, आमच्या कंपाउंडच्या गेटवर दिवसपाळीची गार्ड होती. युगांडाची. संध्याकाळी युनिफॉर्म काढून पांढरा पोशाख घालायची आणि कंपाउंडच्या हॉलमध्ये पोरांना तायक्वांदो शिकवायची. तिच्या देशाकडून ती बाहेरदेशी खेळून आली होती, हे आम्हाला बरेच दिवस माहीतही नव्हतं. गेटवरच्या माणसाला कोण विचारतं, तू काय करून आलीस म्हणून.

नवरा गेल्यावर मुलानं मला येवल्याहून इथं आणलं. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी पायी बाहेर गेले आणि परत येताना नाकाटोनं मला गेटवर अडवलं.

"पास, मॅडम."

"मी इथली आहे. बारा नंबरच्या घरातली म्हातारी."

"म्हातारीला पण पास."

मला राग आला. पण मुलगा येईपर्यंत तिनं मला आपल्या खुर्चीत बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि स्वतः उन्हात उभी राहिली. पास मात्र शेवटपर्यंत मागितला. पुढं ओळख झाली, घरी येणंजाणं झालं, तरी गेटवर पास विचारायचीच. मी म्हणायचे, "अगं, सकाळी माझ्या हातचा चहा प्यालीस ना?" ती म्हणायची, "चहा घरी. पास गेटवर."

तिची आई कंपालात एका गुजराती दुकानदाराच्या घरी कामाला होती, म्हणून तिला मोडकी हिंदी यायची. माझीही मोडकीच. दोघींच्या बोलण्याला व्याकरण नव्हतं त्यामुळे कुणी कुणाला हसलं नाही. ती मला जज्जा म्हणायची. त्यांच्याकडे आजीला जज्जा म्हणतात. चपातीला मात्र ते चपातीच म्हणतात, हे ऐकून मला नवल वाटलं होतं. आणि शेंगदाणे. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी मागच्या पार्किंगवर उघडते. मी शेंगदाणे भाजायला घेतले की नाकाटो सुट्टीच्या वेळात खिडकीखाली येऊन उभी राहायची. त्यांच्या घरीही दाण्याचं कालवण होतं.

पहिल्यांदा मी तिला दाण्याचा लाडू दिला तर तो हातात धरून तशीच उभी राहिली.

"दुसरा?"

"हावरी आहेस की. आधी हा तर खा."

"माझा नाही. बहिणीचा."

तेव्हा कळलं की हिला जुळी बहीण आहे, मेसईदला एका कारखान्याच्या गेटवर रातपाळीला, आणि शुक्रवारी बसनं दोह्याला येते. त्यांच्याकडे जुळ्यांना वेगळं वागवत नाहीत. एकीला दिलं की दुसरीला द्यायचं, तेवढंच आणि तसंच. नाही दिलं तर देणाऱ्याचं अंग भाजतं म्हणे. मी म्हटलं, माझं अंग इथं आल्यापासून भाजतंच आहे. एकदा मुद्दाम एकच लाडू देऊन बघितला. तिनं वाद घातला नाही. लाडू ताटलीत परत ठेवला आणि "शुक्रन, जज्जा" असं अरबीत आभार मानून गेली. पुन्हा मी असं केलं नाही.

त्यांची नावंही आईबापांनी ठेवलेली नव्हती. जुळ्या मुली झाल्या की आधी आलेली बबिर्ये, नंतरची नाकाटो. कुणाच्याही घरी झाल्या तरी हीच. आईचंही नाव मागं पडतं. तिला सगळे नालोंगो म्हणतात, म्हणजे जुळ्यांची आई. बाजारात, चर्चमध्ये, सगळीकडे. तिचं मूळ नाव या दोघींनाच आठवावं लागायचं.

दोघी दिसायला एक, पण बसल्या की फरक कळायचा. बबिर्ये पाय पसरून, भिंतीला टेकून, तोंडानं अखंड बडबड. नाकाटो खुर्चीच्या कडेला, पाठ ताठ, जणू कुणी हाक मारणार आहे. बबिर्ये हसवायची आणि नाकाटो हसायची नाही, मग खूप वेळानं एकटीच फसकन हसायची.

देशातल्या निवड स्पर्धेची गोष्ट मला बबिर्येनंच सांगितली, माझ्या स्वयंपाकघरात, लसूण सोलताना. दोघींचं वजन एकच, त्यामुळे गट एकच. एका देशाला एका गटात एकच बाई पाठवता येते. बाकी सगळ्यांना हरवून या दोघी शेवटच्या लढतीला समोरासमोर आल्या.

"पंच म्हणाला, लढा. आम्ही वाकून नमस्कार केला," बबिर्ये सांगत होती. "परत म्हणाला, लढा. आम्ही उभ्या. हात वर, पाय तयार, पण लाथ कोण मारणार?"

"मग?"

"मग दंड. तिला एक, मला एक. लोक शिट्ट्या मारायला लागले. आमचा कोच खुर्चीतून उठून बाहेर निघून गेला. दंड सारखे पडत गेले, वेळ संपली. शेवटी पंचांनी आपसात बोलून माझा हात वर केला."

"मोठी म्हणून," नाकाटो म्हणाली.

"सुंदर म्हणून," बबिर्ये म्हणाली.

त्या दिवशी घरी गेल्यावर नाकाटोनं ठरवलं की आपण खालच्या गटात जायचं. त्या दोघी पंचावन्न किलोच्या आसपास. मोठ्या स्पर्धांना जे गट चालतात त्यात सत्तावन्नचा एक, त्याच्या खाली थेट एकोणपन्नासचा. मधलं काही नाही. बबिर्ये सत्तावन्नमध्ये राहील, आपण एकोणपन्नासमध्ये. म्हणजे एकमेकींसमोर यायला नको आणि दोघींना जाता येईल. एवढा साधा हिशेब. बबिर्ये म्हणाली होती, मी उतरते. तर नाकाटो म्हणाली, "तू मोठी आहेस, तू आहे तशी राहा." तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. एकोणिसाव्या वर्षी अंग ऐकतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी काट्यावर उभं करतात. त्या घडीला एकोणपन्नास भरलं पाहिजे. वर गेलं की खेळायला मिळत नाही. काट्यावरून उतरल्यावर पाणी प्या, जेवा, काही करा. म्हणून ही पोर आधीचे पंधरवडे भाजीच्या पाण्यावर काढायची, मग पाणीही तोडायची. बाटलीत थुंकत राहायची, कारण थुंकीलाही वजन असतं. हे ऐकून माझी सून म्हणाली, "आई, हे सगळे खेळाडू करतात." करत असतील. मी जे बघितलं ते सांगते.

इथंही अशा दिवसांत ती माझ्याकडे यायची आणि म्हणायची, "जज्जा, तू जेव. मी बघते."

"मला नाही जमत कुणी टक लावल्यावर."

"जेव ना. कसं लागतं सांग."

"भाकरीसारखं लागतं."

"असं नाही. नीट सांग."

मग मी सांगायचे. पिठलं आहे, लसूण जरा करपलाय, मिरचीचा ठसका लागतो, भाकरीचा पापुद्रा सुटलाय. ती डोळे मिटून ऐकायची आणि घोट गिळायची. माझं जेवण संपलं की म्हणायची, "खलास. पोट भरलं." आणि उठून जायची. मला सांगा, अशा माणसासमोर घास कसा उतरायचा. पण तिला ते हवं असायचं, म्हणून मी जेवायचे.

इथं यायच्या आधी आफ्रिकेतल्या देशांची स्पर्धा होती तेव्हा ती पहिल्यांदा विमानात बसली. लढताना प्रत्येकीच्या मागं खुर्चीत तिचा कोच बसतो. यांच्याबरोबर एकच कोच आलेला, तो त्याच वेळी दुसऱ्या मॅटवर एका मुलाबरोबर अडकला. हिची खुर्ची रिकामी. कुठल्या तरी फ्रेंच बोलणाऱ्या देशाचा एक जाडा कोच तिथून चालला होता, त्याला काय वाटलं कोण जाणे, तो जाऊन बसला. बसला आणि फ्रेंचमधून ओरडायला लागला. हिला अक्षर कळत नव्हतं. हिनं प्रत्येक वेळी मान डोलावली आणि आपल्याला हवी तशी लाथ मारली. जिंकली. पुढच्या लढतीलाही तो आपली माणसं सोडून येऊन बसला. हिला ब्रॉंझ मिळालं तर तो रडला. "अजून सगळ्यांना सांगतो, मी शिकवलं तिला," असं म्हणून नाकाटो तिच्या पद्धतीनं फसकन हसली.

ते ब्रॉंझ तिनं गळ्यात एकदाच घातलं, देताना. मग खोलीत खिळ्याला टांगलं. बबिर्येला मिळेपर्यंत कुणीच घालायचं नाही. बबिर्येला मिळालं नाही. तिचा गुडघा गेला होता. दोन वर्षं ती गार्डची ड्युटी करून पायाला वाळूची पिशवी बांधून खुर्चीत बसल्या बसल्या पाय उचलायची. जगाच्या स्पर्धेला नाकाटो एकटीच गेली आणि पहिल्याच लढतीत हरून आली. मी विचारलं, समोरची कशी होती? म्हणाली, "उंच." एवढंच. त्या स्पर्धेबद्दल माझ्याकडे तिचा हा एकच शब्द आहे.

कंपाउंडच्या पोरांना तिची भीती वाटायची. माझी नात इरा दहा वर्षांची. तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते. ती घरी येऊन म्हणायची, "आजी, शी इज सो स्ट्रिक्ट." सुरुवातीचे कितीतरी वर्ग नाकाटोनं पोरांना फक्त पडायला आणि पडून उठायला शिकवलं. लाथ नाही, बुक्की नाही. एका पोराची आई, पुण्याची, वेस्ट बे भागातल्या एका बँकेत मोठ्या जागेवर, तणतणत आली. "आम्ही काय मुलांना नुसतं आदळायला पाठवतो का?" नाकाटो म्हणाली, "मॅडम, उभं राहायला त्याला आधीच येतं." मी कोपऱ्यात बसले होते. मला हसू आवरेना, ती बाई माझ्याशी पुढं बरेच दिवस बोलली नाही.

मी तिला खरोखर लढताना एकदाच पाहिलं. इथंच, दोह्यात, गेल्या वर्षी. इराच्या वर्गातल्या सगळ्यांना दत्तूनं व्हॅनमध्ये घालून नेलं. दत्तू सांगोल्याचा, कंपाउंडच्या शाळेची व्हॅन चालवतो. घरच्यांना तिकडे ठेवून एकटा राहतो. कुणाच्याही कामाला धावतो आणि धावताना कुरकुर करतो.

हॉल बर्फासारखा गार. मॅटवर नाकाटो आली तर मी ओळखलंच नाही. गालांची हाडं वर आलेली, मान पोरासारखी बारीक. समोरची कुठली तरी गोरी, लांबलचक पायांची. नाकाटो तिच्या पायांच्या आत शिरून शिरून मारत होती. दत्तू ओरडत होता, "हाण तिला, हाण." पुढच्या रांगेतले लोक वळून बघत होते. शेवटच्या क्षणाला त्या पोरीचा पाय वरून आला आणि नाकाटोच्या डोक्याला लागला. हरली. हरल्यावर समोरच्या कोचपुढं जाऊन वाकायचं असतं. ती गेली, दोन्ही हातांत त्याचा हात धरला, वाकली, हसलीसुद्धा. मग आत जायच्या बोळात गेली. मी मागं गेले होते. ती भिंतीकडे तोंड करून स्वतःचाच दंड चावत होती.

"रड की मग," मी म्हटलं.

"पाणी नाही अंगात, जज्जा."

तेव्हाच मला वाटलं होतं, हे पुरे आता. मी तसं तोंडावर सांगितलंही. ती सत्ताविशीत आलेली. अंग आता वजन सोडत नव्हतं. पण त्याच सुमाराला बबिर्येचा गुडघा बरा झाला आणि त्यांच्या देशातून निरोप आला. दोह्याला मे महिन्यात खुली स्पर्धा आहे, तिथं दोघी पदकापर्यंत गेल्या तर दोघींना पुढच्या मोठ्या निवडीला नेऊ. सगळ्या खेळांची जी सर्वांत मोठी स्पर्धा असते, तिची ती शेवटची पायरी. आठ वर्षांत पहिल्यांदा दोघींना बरोबर जायची संधी होती.

"तिला जाऊ दे," मी नाकाटोला म्हटलं. "तिला वजनाचा त्रास नाही. तू घरी बसून बघ."

"मी नाही गेले तर ती जाणार नाही."

"मी सांगते तिला."

"सांग."

मी शुक्रवारी बबिर्येला सांगितलं. ती लसूण सोलत होती. तिनं बडबड थांबवली, हे मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाली, "जज्जा, माझा पाय बरा व्हावा म्हणून ती दोन वर्षं थांबली का? नाही. एकटी गेली, हरली, आली, मला काय ते सांगितलं, आणि परत गेली. का? जागा धरून ठेवायला. गटात नाव राहावं म्हणून. आता मी तिच्याशिवाय जाऊ?"

दोघी एकमेकींसाठी करत होत्या आणि थांबा म्हणणारं कुणी मधे नव्हतं. मी म्हटलं, पण माझं कोण ऐकतं.

गाडीची गोष्ट अशी. घाम काढायला लोक गरम वाफेच्या खोलीत बसतात. यांना ती कुठं मिळणार. मागच्या पार्किंगला सावली नाही. तिथं एका गार्डची जुनी गाडी उभी असायची, तो गावी गेला की किल्ली नाकाटोकडे. प्लास्टिकचा कोट घालायचा, काचा लावायच्या आणि आत बसायचं. त्यांचा एक नेम होता आणि तो त्या कधी मोडत नसत. एक आत, एक बाहेर. बाहेरची भिंतीच्या सावलीत घड्याळ धरून उभी राहणार, मधूनमधून काचेवर टकटक करणार, आतलीनं उलट टकटक करायची. आतून आवाज आला नाही की दार उघडायचं. मी खिडकीतून बघायचे. मला आवडायचं नाही, पण बाहेर बबिर्ये उभी दिसली की मी आपली माझ्या कामाला लागायचे.

त्या दिवशी सकाळी बबिर्ये रातपाळी संपवून पहिल्या बसनं मेसईदहून सरळ आली. झोप नाही, कपडे बदललेले नाहीत. मी चहा दिला, तो तिनं तसाच ठेवला. डोळे लाल. हात धरून बघितला तर चटका बसला.

"ताप आहे तुला."

"जज्जा, इथं सगळंच गरम आहे."

"पड जरा आत. दत्तूला सांगते बाहेर उभं राहायला."

"दत्तू काचेवर काय टकटक करणार. त्याला आमचं कळत नाही. थोडंच राहिलंय. उद्या सकाळी काटा."

ती गेली. दुपारी ऊन चढल्यावर खिडकीतून मला ती भिंतीपाशी दिसत होती. नाकाटो आत. मी भाकरी टाकायला घेतल्या. एकदा पाहिलं, बबिर्ये काचेशी वाकून काही बोलत होती. पुढचं पोलिसांना नाकाटोनं सांगितलं तेव्हा कळलं. नाकाटोला झोप यायला लागली होती. टकटकीला उत्तर द्यायला हात उचलत नव्हता. दार उघडायला हवं होतं. पण तिनं आतून हातानं खूण केली, नको, थोडंच राहिलंय. अंगात भरलेली सगळी उष्णता बाहेरच्या एका झुळकेनं उतरली असती, घाम थांबला असता. म्हणून बबिर्ये स्वतःच पलीकडून आत शिरली आणि दार ओढून घेतलं. शेजारी बसून बोलत राहायचं, तिला जागं ठेवायचं, मग दोघींनी मिळून बाहेर यायचं. ताप होता, झोप नव्हती, आणि वरून तो जाड युनिफॉर्म.

मी पुन्हा पाहिलं तर भिंतीपाशी कुणी नव्हतं. आधी वाटलं, झालं असेल, गेल्या असतील. मग गाडीच्या काचा बघितल्या, आतून धूर धरल्यासारख्या पांढऱ्या. तवा गॅसवर तसाच ठेवून मी खाली पळाले आणि व्हॅन पुसत असलेल्या दत्तूला हाक मारली.

दवाखान्यात दोन दिवस कुणाला आत सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी सून आणि मी गेलो. नाकाटो शुद्धीवर होती. हातात नळ्या, तोंड सुजलेलं. पाणी भरलं होतं तिच्यात. ती बोलली ते पहिलं वाक्य असं, "काटा होऊन गेला?" सून बाहेर जाऊन रडली. मी म्हटलं, "होऊन गेला." मग तिनं बबिर्येबद्दल विचारलं. डॉक्टरांनी सांगू नका म्हटलं होतं. मला विचारल्यावर मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "मेली. काल पहाटे."

ती छताकडे बघत म्हणाली, "असं म्हणत नाहीत, जज्जा. जुळं मरत नाही. उडालं म्हणायचं."

"बरं," मी म्हटलं. "उडाली."

आईला फोन मीच लावून दिला, नाकाटोच्या कानाशी धरला. भाषा मला कळली नाही. पलीकडून रडण्याचा आवाज आला नाही. फक्त एकच शब्द पुन्हापुन्हा, आणि ते बबिर्येचं नाव नव्हतं, नाकाटोचं होतं. ही जिवंत आहे ना, हेच ती विचारत असावी.

पोलिसांनी सगळ्यांना विचारलं, कागद झाले, तो भाग संपला. शरीर न्यायला परवानग्या लागतात, त्यात दिवस गेले. तेवढ्यात कंपालाहून त्यांच्या जुन्या कोचचा फोन आला. माणूस वाईट नव्हता, आवाजावरून रडलेला वाटत होता. तो म्हणाला, सत्तावन्नची जागा रिकामी आहे. तुझं अंगचं वजन त्यात बसतं. आता उतरवायला नको. ये, खेळ, तिच्यासाठी. नाकाटोनं ते मला जसंच्या तसं हिंदीत सांगितलं आणि विचारलं, "ऐकलंस?" मी म्हटलं, ऐकलं. तिनं फोन बंद केला. त्यानंतर ती कधी मॅटवर उतरली नाही. इरा मोबाइलवर अधूनमधून शोधते. नाव कुठंच येत नाही.

ती जायच्या दिवशी दत्तू व्हॅन घेऊन आला. शवपेटी आधीच विमानतळावर गेली होती. नाकाटो माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघरात उभी राहिली. अंग भरलं होतं, गाल वर आले होते. आता ती हुबेहूब बबिर्ये दिसत होती आणि तिला ते ठाऊक होतं. खिडकीच्या काचेकडे ती एकदाही वळली नाही.

"एक विचारू? तू पाहिलंस. दत्तूला विचारलं तर तो नुसता रडतो."

"विचार."

"दार उघडलं तेव्हा ती कशी होती?"

मी सांगितलं. दत्तूनं ड्रायव्हरच्या बाजूचं दार ओढलं, कारण ते त्याच्या जवळ होतं. ते घट्ट लागलेलं होतं. तुझ्या बाजूचं दार लागलेलं नव्हतं. चार बोटं उघडं होतं, आणि तुझं तोंड त्या फटीशी होतं. बबिर्ये स्वतःची जागा सोडून तुझ्या अंगावरून आडवी पडली होती. तिचा हात तुझ्या दाराच्या कडीवर होता. तिच्या बाजूचं दार तिच्या पाठीमागं होतं, तिला ते उघडता आलं असतं. डॉक्टर म्हणाले, तिला ताप होता म्हणून असं झालं. असेल. मी जे पाहिलं ते हे.

नाकाटोनं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा तिनं मला थांबवलं आणि विचारलं, कुठला हात? मी म्हटलं, उजवा. तिनं आपला उजवा हात पुढं करून पाहिला, मग खाली सोडला.

खाली दत्तूनं हॉर्न वाजवला. ती माझ्या पाया पडली नाही, तसं त्यांच्यात नसावं. गुडघे टेकून बसली, थोडा वेळ तशीच बसून राहिली आणि उठली. व्हॅन गेटवर थांबली, नवीन गार्डनं कागद बघितले, आणि ती डावीकडे वळून दिसेनाशी झाली. मागच्या सीटवर ती मधोमध बसली होती.

त्या गाडीतून आम्ही दोघींना काढलं. जगली ती नाकाटो.